बिनखिडक्यांचा मजला

वरची माणसं राहायला आली त्याच दिवशी जिन्याला कुलूप लावावं असं मिस्त्रीणबाईंच्या मनात आलं होतं. पण जिन्याला दारच नव्हतं, तर कुलूप लावणार कशाला?

दार नव्हतं, खिडक्या नव्हत्या, न्हाणीघर नव्हतं. मिस्त्रींनी जन्मभर दुसऱ्यांची घरं बांधली. गावातल्या निम्म्या भिंती त्यांच्या हातच्या. स्वतःच्या घराचा वरचा मजला मात्र "पुढच्या वर्षी बघू" करत तसाच राहिला. खांब उभे राहिले, खांबांतून सळया डोकावत राहिल्या, आणि एक दिवस दुसऱ्याच्याच बांधकामावर छातीत कळ येऊन मिस्त्री गेले. मुलगा परदेशी नोकरीला. मागे राहिल्या मिस्त्रीणबाई, त्यांचं शिवणयंत्र आणि डोक्यावर गंजत चाललेलं लोखंड. पडदे, अभ्रे, गाद्यांच्या खोळी शिवून त्या आपलं भागवत होत्या. कुणाच्या अध्यात नाहीत, मध्यात नाहीत. तोंड मात्र असं की गल्लीतली कुत्रीसुद्धा त्यांच्या ओट्यावर बसायला धजत नसत.

मग सरहद्दीपलीकडे युद्ध पेटलं आणि माणसांचे लोंढे सुरू झाले. पलीकडची भाषा तीच, फक्त हेल वेगळा. पहिल्या आठवड्यात गावानं त्यांना पाणी दिलं, पांघरुणं दिली. सहा महिन्यांनी शाळेचे वर्ग, गोदामं, अर्धवट इमारती सगळीकडे तीच माणसं दिसायला लागली. घरभाडी आभाळाला टेकली, मजुरी जमिनीला, आणि नळाला पाणी एक दिवसाआड. तेव्हा तीच पांघरुणं देणारी माणसं म्हणायला लागली, "भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी."

अशात परदेशी मदत आली. दूरदूरच्या देशांनी ठरवलं होतं म्हणे, की या लोकांना आसरा देणाऱ्यांच्याही पदरात काही पडलं पाहिजे, नाहीतर तेच एक दिवस दंडुके घेऊन उठतील. मदत घेऊन आली ती छातीवर संस्थेचं चिन्ह असलेलं निळं जॅकेट घातलेली एक तरुण बाई. गल्लीनं लगेच तिचं नाव 'निळी मॅडम' ठेवलं.

"तुमचा वरचा मजला आम्ही पुरा करून देतो," निळी मॅडम मिस्त्रीणबाईंना म्हणाली. "स्लॅब, दारं, खिडक्या, न्हाणीघर, पाण्याची टाकी. सगळं."

"आणि मी काय द्यायचं? माझी एक किडनी?"

"दीड वर्ष एका कुटुंबाला तिथं बिनभाड्यानं राहू द्यायचं. नंतर मजला तुमचा."

मिस्त्रीणबाईंनी रात्रभर विचार केला. मुलाचं लग्न आज ना उद्या व्हायचंच. सून आणायची ती काय शिवणयंत्राखाली झोपवायची? सकाळी त्यांनी होकार दिला.

त्यांचे धाकटे दीर तावातावानं आले. कोपऱ्यावर त्यांचं हार्डवेअरचं दुकान. गल्लीत कुठलंही भांडण त्यांच्याशिवाय सुरू होत नसे आणि त्यांच्यामुळे संपतही नसे.

"वहिनी, घरात साप घेताय तुम्ही."

"तुमच्या भावानं मजला पुरा केला असता तर नसता घेतला, भावोजी."

पण साप येणार म्हणून बोंब मारणारे भावोजी सापाच्या बिळाला लागणारं सिमेंट, पाइप आणि सळया आपल्याच दुकानातून पुरवायला लागले. निळ्या मॅडमला 'मॅडम, मॅडम' करताना त्यांची जीभ दुकानातल्या वॉर्निशसारखी चकाकत असे.

भिंती झाल्या, स्लॅब पडला, आणि काम चालू असतानाच कुटुंबाला आणून सोडलं, कारण शाळेचे वर्ग रिकामे करायचे होते. नवरा, बायको, दोन लहान पोरी आणि म्हातारी सासू. नवरा पहाटे मजुरीला जायचा तो दिवेलागणीला यायचा. मिस्त्रीणबाईंची गाठ पडली ती बायकोशी. उंच, काटक बाई. मान अशी ताठ की जणू मजला हिनंच बांधलाय. तिनं ना नमस्कार केला ना हसली. जिना चढताना एवढंच विचारलं, "न्हाणीघर कधी होणार?"

"आधी पाय पुसा," मिस्त्रीणबाई म्हणाल्या.

झालं, तिथंच ठिणगी पडली. त्या दिवसापासून तिचं नाव 'वरची'.

महिनाभरात निळी मॅडम पुन्हा आली. या वेळी अंगात जॅकेट नव्हतं.

"काम थांबतंय," ती म्हणाली. "देशांनी मदतीचा हात आखडता घेतलाय. दुसरीकडे दुसरं युद्ध सुरू झालंय ना."

"म्हणजे? खिडक्या? न्हाणीघर?"

"न्हाणीघर नाही होणार. खिडक्या मागवल्या होत्या तुमच्या दिरांमार्फत. ते म्हणतात, कारखान्यातून आल्याच नाहीत."

"मग ही माणसं घेऊन जा. तुम्ही शब्द मोडलात, माझाही मोडला."

निळ्या मॅडमनं वर पाहिलं. जिन्याच्या तोंडाशी वरची उभी होती आणि सगळं ऐकत होती.

"मी कुठं घेऊन जाऊ?" मॅडम हळूच म्हणाली. "तुम्ही काढलंत तर अडवायला मी येऊ शकत नाही. उद्यापासून माझीच नोकरी नाही."

ती गेली. मिस्त्रीणबाईंनी वर बघितलं. "ऐकलंत ना?"

"ऐकलं," वरची म्हणाली. "दीड वर्ष म्हणून सांगून आणलंय आम्हाला. दीड वर्ष राहणार."

"कुणाच्या जिवावर? माझ्या?"

"तुमच्या डोक्यावर हा स्लॅब कुणाच्या जिवावर चढला, बाई? आम्ही देशोधडीला लागलो म्हणून चढला. नाहीतर सळयाच मोजत बसला असतात."

मिस्त्रीणबाईंना जन्मात कुणी एवढं झोंबणारं बोललं नव्हतं. आणि झोंबलं, कारण ते खरं होतं.

त्या दिवसापासून घरात महाभारत सुरू झालं. खिडक्यांच्या भोकांना वरचीनं मदतीची करडी पांघरुणं खिळ्यांनी ठोकली. वारा आला की ती दिवसभर फडफड करत आणि खाली शिवणयंत्राशी बसलेल्या मिस्त्रीणबाईंचं डोकं उठे. पोरी जिन्यावर धावल्या की त्या खालून लाटण्यानं कठडा बडवत. न्हाणीघर एकच, खालचं. वरची पोरींना घेऊन आली की या नेमक्या त्याच वेळी कपडे धुवायला बसत. वरची दाराशी हाताची घडी घालून उभी राही. बोलत नसे, हलत नसे. एकदा तिची म्हातारी सासू जिन्यात खोकत खोकत बसली. "जिना बसायला नाही," मिस्त्रीणबाई म्हणाल्या. "आणि मजला राहायला नाही," वरून उत्तर आलं.

शेवटी त्यांनी वर जाणाऱ्या पाण्याचा कॉक बंद केला.

 वरची बादल्या घेऊन सार्वजनिक नळावर गेली. नळावर गल्लीतल्या बायकांनी तिची बादली तीनदा रांगेबाहेर काढली. चौथ्यांदा तिनं ती अशी आपटली की नळाची तोटीच वाकली. त्यावरून गल्लीभर बोभाटा झाला. संध्याकाळी भावोजी आले.

"ऐकलंत वहिनी? आता नळ मोडतायत. उद्या तुमचा गळा धरतील."

"मी काय करू मग? हाताला धरून बाहेर काढू? हात लावला तर चावेल ती."

"तुम्ही काहीच करायचं नाही. परवा दुपारी आमच्याकडे या. तुमची जाऊ एकटीच असते, गप्पा मारा. इकडे माझी चार माणसं सामान खाली उतरवतील. तुम्ही घरात नव्हता, तुम्हाला काही माहीत नाही."

मिस्त्रीणबाईंनी सुईत दोरा ओवायला घेतला.

"मुलाच्या लग्नाचं ठरतंय ना? तो येईपर्यंत वर मी माझा थोडा माल ठेवतो. जागा धरलेली बरी, नाहीतर दुसरं लचांड घुसेल."

मुलाचाही फोन येऊन गेला होता. "आई, आम्ही लग्न करून कायमचेच परत येतोय. तेवढ्यात त्या लोकांचं काय ते बघ." वरून पांघरुणाची फडफड सुरूच होती.

"बरं," मिस्त्रीणबाई म्हणाल्या.

ठरल्या दिवशी जेवणं उरकून त्या निघाल्या. जिन्याकडे त्यांनी पाहिलं नाही. पण वरून म्हातारीचा खोकला ऐकू येत होता आणि एक पोरगी दुसरीला उजळणी म्हणून दाखवत होती, ते न ऐकता थोडंच राहणार होतं? त्यांनी चपला घातल्या आणि पाय उचलला.

भावोजींच्या घरी जाऊबाईंनी चहा टाकला. जाऊबाई जरा जास्तच गोड बोलत होत्या. साखर संपली म्हणून त्या उठल्या आणि गुडघा धरून परत बसल्या.

"अहो, मागच्या खोलीत पोत्यात आहे हो. तेवढी आणता का? माझा गुडघा आज साथ देत नाही."

मिस्त्रीणबाई मागच्या खोलीत गेल्या. साखरेच्या पोत्यामागे जुन्या चादरीखाली काहीतरी उभं करून ठेवलं होतं. चादरीचा कोपरा सरकला होता आणि आतून काच चमकत होती. त्यांनी चादर ओढली.

खिडक्या. नव्याकोऱ्या, पांढऱ्या चौकटींच्या. कोपऱ्या-कोपऱ्यावर त्या निळ्या जॅकेटवर होतं तेच चिन्ह चिकटवलेलं. ते काढून टाकायचीही तसदी कुणी घेतलेली नव्हती.

त्या तशाच बाहेर आल्या. "या खिडक्या कधी आल्या?"

जाऊबाईंचा चेहरा पांढरा पडला. "मला काय ठाऊक? ह्यांचा कारभार. काम थांबायच्या आधीच आल्या होत्या वाटतं. आम्हालाही माडी चढवायचीय ना…"

मिस्त्रीणबाईंच्या कानात एकदम ती फडफड घुमली. सगळा हिवाळा ती ऐकत त्यांनी वरच्या बाईला शिव्या मोजल्या होत्या, परदेशांना मोजल्या होत्या, मेलेल्या नवऱ्यालाही सोडलं नव्हतं. आणि खिडक्या इथं, साखरेच्या पोत्यामागे! वर थंडीनं म्हातारी खोकत होती आणि हा माणूस रोज संध्याकाळी ओट्यावर येऊन 'वहिनी, वहिनी' करत त्यांच्याच चुलीत जाळ घालत होता. आज मजला रिकामा झाला की उद्या त्याचा माल वर चढणार, आणि एकदा चढलेला माल खाली उतरतो होय?

चहा तसाच उकळत राहिला. मिस्त्रीणबाई पळत सुटल्या. या वयात, या अंगानं त्यांना पळताना पाहून गल्ली चाट पडली.

दारात पोहोचल्या तर जिन्याखाली सामानाचा ढीग. भांडी, गाद्या, पोरींची दप्तरं. दोन माणसं वरून एक पेटी ओढत होती आणि पेटीच्या दुसऱ्या टोकाला वरची लोंबकळत होती. ती ना पेटी सोडत होती, ना ओरडत होती. म्हातारी पायरीवर बसून रडत होती. भावोजी खाली उभे राहून देखरेख करत होते.

"ठेवा ती पेटी!" मिस्त्रीणबाई ओरडल्या.

माणसांनी भावोजींकडे बघितलं.

"त्यांच्याकडे काय बघता? घर त्यांच्या बापाचं आहे का? ठेवा म्हणते ना!"

"वहिनी, तुम्ही घरी जा," भावोजी दबक्या आवाजात म्हणाले. "ठरलंय ना आपलं."

"हे माझंच घर आहे! इथनं कुणाला काढायचं आणि कधी काढायचं ते मी ठरवीन. आणि ठरवलं तर मी स्वतः काढीन, भाड्याची माणसं नाही लावणार." त्यांचा श्वास लागला होता. "खिडक्या बघून आले मी, भावोजी. तुमच्या साखरेच्या पोत्यामागच्या."

गल्लीतल्या खिडक्या-दारांतून माना बाहेर आल्या. भावोजी एक पाऊल मागे सरकले.

"त्या… तुमच्याच मुलासाठी ठेवल्या होत्या. संस्था बुडाली, कुणीही नेल्या असत्या…"

"हो, हो. कोल्ह्यानं कोंबड्या राखायलाच ठेवल्या होत्या."

कुणीतरी फस्सकन हसलं. माणसांनी पेटी खाली ठेवली आणि हात झटकत काढता पाय घेतला. भावोजी मात्र जाता जाता थांबले. "घरच्या नात्यापेक्षा या उपऱ्यांना जवळ केलंत. लक्षात ठेवीन."

"मी कुणालाच जवळ केलेलं नाही," मिस्त्रीणबाई म्हणाल्या. आणि ते खरंच होतं.

वरची पेटीवर बसली होती. तिचा हात सोलवटून रक्त आलं होतं. तिनं मिस्त्रीणबाईंकडे एकटक बघितलं.

"तुम्ही मुद्दाम बाहेर गेला होतात."

मिस्त्रीणबाईंना खोटं बोलता आलं असतं. "हो," त्या म्हणाल्या.

 मिस्त्रीणबाईंनी पदर खोचला. "चला. खिडक्या आणायच्यात. त्यांनी त्या हलवायच्या आत."

"तुमच्याबरोबर? मी नाही येत."

"एकटीनं उचलता आल्या असत्या तर तुमचं तोंड बघितलं असतं होय मी?"

वरची आली. जाऊबाईंनी मुकाट्यानं दार उघडलं. त्यांचा गुडघा आता बरा दिसत होता. भर दुपारी, भर गल्लीतून दोघी बायका एकेक खिडकी दोन्ही टोकांना धरून नेऊ लागल्या.

"हळू चाला ना, काच फुटेल!"

"तुम्हीच ओढताय बैलासारखं!"

"आपली बाजू वर धरा. वर! कमरेत जोर नाही का?"

"जोर नळावर बादल्या भरून संपला."

सगळी गल्ली बघत होती. कुणी मदतीला आलं नाही आणि कुणी अडवलंही नाही.

मिस्त्रींच्या हाताखाली पंचवीस वर्षं वाळू-सिमेंटचा माल कालवलेल्या बाईला चौकट बसवणं काय अवघड? वरचीनं चौकट धरली, मिस्त्रीणबाईंनी सिमेंट भरलं. एक खिडकी किंचित तिरकी बसली, त्याबद्दल दोघींनी एकमेकींना दोष दिला. काम झाल्यावर मिस्त्रीणबाईंनी खाली जाऊन पाण्याचा कॉक उघडला. त्यानंतर त्या ओरडल्या, "बादलीनं वापरा! धबधबा नाही सोडलेला!"

"दीड वर्षानंतर एक दिवस जास्त राहणार नाही आम्ही," वरून आवाज आला.

"राहून तर बघा!"

भावोजींनी बोलणं टाकलं, आणि त्यांच्यामागे अर्ध्या गल्लीनं. पडदे शिवायला येणारी गिऱ्हाइकं दुसरीकडे जायला लागली. मिस्त्रीणबाईंनी त्याबद्दल वरच्या बाईला वाटेल ते ऐकवलं, तिनं तेवढंच परत ऐकवलं. मुलगा बायकोला घेऊन आला तो दारातच थांबला.

"आई, मी सांगितलं होतं ना?"

"खाली माझ्यापाशी राहा. पुरेल जागा."

"यंत्राखाली? नवी नवरी घेऊन? काकांनी बोलावलंय आम्हाला." आणि तो खरंच बॅगा उचलून काकांकडे गेला.

मिस्त्रीणबाई त्या दिवशी यंत्रापाशी बसल्या, पण टाका पडेना. संध्याकाळी वरची खाली आली. पहिल्यांदाच, न्हाणीघराचं काम नसताना.

"वर दोन खोल्या आहेत," ती म्हणाली. "आम्ही एकीत राहू. दुसरी तुमच्या मुलाला द्या."

"मला उपकार नकोत तुमचे."

"उपकार कसले? तुमचा मुलगा तुमच्या वैऱ्याच्या दारात राहतो याचं खापर आमच्या माथी नको."

"माझ्या घरात कुणी कुठं राहायचं ते मला शिकवू नका," मिस्त्रीणबाई म्हणाल्या. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्या भावोजींच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "खोली रिकामी केलीय. यायचं तर या. मी दुसऱ्यांदा येणार नाही."

मुलगा बाहेर आला नाही. आली ती सून, हातात बॅग घेऊन. "चला, आई," ती म्हणाली. "यांना यायचं तेव्हा येतील. मला या घरात खिडकीतूनसुद्धा बाहेर बघता येत नाही. जिथं बघावं तिथं दुकानाचा माल." मुलगा दोन दिवस ताणून राहिला आणि मग जेवणाच्या वेळी गुपचूप येऊन पानावर बसला.

घरात शांतता नांदली म्हणावं तर तसं काही झालं नाही. आठ दिवसांत सुनेचं आणि वरचीचं कपडे वाळत घालायच्या दोरीवरून जुंपलं. मिस्त्रीणबाई खाली बसून ऐकत होत्या आणि कुणाचीच बाजू घेत नव्हत्या. दोघीही आपापल्या जागी बरोबर होत्या, हे त्यांना कळत होतं आणि त्यामुळेच त्यांचं डोकं आणखी फिरत होतं. म्हातारी त्या वर्षी उन्हाळ्यात गेली. तिला न्यायला माणसं कमी पडली तेव्हा मुलगा खांदा द्यायला गेला. मिस्त्रीणबाईंनी त्याला पाठवलं नव्हतं. त्यांनी फक्त त्याच्या चपला दाराशी नीट लावून ठेवल्या होत्या.

दीड वर्ष भरलं त्याच सकाळी टेम्पो आला. वरचीचा शब्द तो शब्द. नवऱ्याला दुसऱ्या गावी कायमचं काम मिळालं होतं. सामान उतरलं, पोरी टेम्पोत चढल्या. मिस्त्रीणबाई वर जाऊन रिकामी खोली तपासायला लागल्या. भिंतीला हात लावून बघितला, फरशी बघितली, खिडकीच्या काचांवरून बोट फिरवलं. कुठं नाव ठेवायला जागा नव्हती. शेवटी दाराशेजारी त्यांना खिळ्याचं एक भोक सापडलं.

"हे कुणी पाडलं?"

वरची दाराशी उभी होती. "तुमच्या सुनेनं."

"दुसऱ्यावर ढकलू नका!"

"विचारा तिला," वरची म्हणाली, जिना उतरली आणि मागं न बघता टेम्पोत बसली.

मिस्त्रीणबाई सुनेकडे वळल्या. "बघितलंस? जाता जातासुद्धा खोटं बोलून गेली."

"नाही हो, आई," सून म्हणाली. "तो खिळा मीच ठोकला होता. तिची धाकटी चित्र काढायची ना, ते लावायला."

मिस्त्रीणबाई लगबगीनं खिडकीशी गेल्या आणि काच सरकवून बाहेर डोकावल्या. तोवर टेम्पो कोपऱ्यावरून वळून गेला होता.